आजीचा डोंगर

तुम्हाला जाग येते ती गाढवांमुळे. एक रेकतं, मग दुसरं, मग भिंतीपलीकडची सगळीच्या सगळी. बाहेर मिट्ट काळोख. रजईतला कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलाय, आणि पाठीखालचा विटांचा कट्टा, जो रात्री छान ऊबदार होता, तो आता गारठलाय. कुणीतरी कंदील घेऊन दारोदार ओरडत चाललंय: उठा, उठा, आजी वाट बघतेय.

साल 1630च्या आगेमागे. चीनवर मिंग घराण्याचं राज्य आहे आणि ते 1644 मध्ये बुडणार आहे, हे इथं फक्त तुम्हाला ठाऊक. प्रांत शान्तोंग, गाव ताइआन, महिना आपल्या चैत्र-वैशाखाच्या सुमाराचा. भाषा तुम्हाला कळते. कशी, ते विचारू नका. अंगावर निळ्या जाड्याभरड्या सुताचा सदरा आहे आणि खांद्याला पिवळ्या कापडाची पिशवी. तिच्यावरच्या चार अक्षरांचा अर्थ एवढाच की हा माणूस डोंगरावर उदबत्ती वाहायला चाललाय.

डोंगर म्हणजे ताइशान. ताओपंथीयांच्या पाच पवित्र पर्वतांपैकी पूर्वेचा, म्हणून मानानं पहिला.

तुम्ही रात्र काढलीत त्या जागेला सराई म्हणायला जीभ धजत नाही. काल संध्याकाळी येताना आधी तबेले लागले, वीसेक तरी. मग तितकीच घरं नाटकवाल्यांची, आतून कुणीतरी गळा तासत होतं. मग जरा आडोशाला पडदे ओढलेली काही दारं, ज्यांच्याकडे बायांनी पाहिलं नाही आणि पुरुषांनी पाहिलं नाही असं दाखवलं. तुम्हाला वाटलं, हा सगळ्या गावाचा पसारा असेल. तो निघाला एकट्या या मुक्कामाचा, एकाच मालकाचा. खोलीचा दर ठरलेला, डोलीचा ठरलेला, परतल्यावरच्या मेजवानीचाही ठरलेला. आणि डोंगरपट्टी सरकारची: माणशी बारा फन चांदी, आपल्या मापानं चार-साडेचार ग्रॅम. हा उदबत्तीवरचा कर 1516 साली सुरू झाला. छियानलोंग बादशहा गादीवर येईल आणि तो उठवील, पण त्याला 1735 उजाडायचंय. अकबरानं यात्रेकरूंवरचा कर 1563 मध्येच उठवला होता हे तुमच्या जिभेवर येतं. पण सांगणार कुणाला?

अंगणात चुली पेटल्यात. एक बाई लोखंडी तव्यावर राळ्याच्या पिठाचं पातळ वाटण ओतते आणि लाकडी पट्टीनं गोल फिरवत कडेपर्यंत पसरवते. घावनच म्हणा, पण कागदाइतकं पातळ. एरवी त्यात पातीच्या कांद्याची अख्खी काडी गुंडाळून खातात. आज व्रत आहे. मांस नाही, दारू नाही, कांदा-लसूणही नाही, थेट आपल्या चातुर्मासासारखं.

तुमच्या जथ्यात बावीस माणसं आहेत आणि त्यातल्या एकोणीस बाया. जिनानजवळच्या एका खेड्यातल्या या बायांनी तीन वर्षं भिशी लावली, महिन्याला थोडं थोडं टाकलं, त्यावर व्याज खाल्लं, आणि रक्कम पुरेशी झाली तेव्हा निघाल्या. तुमच्या शेजारी चालणारी म्हातारी सत्तरी ओलांडलेली. तिला आजी म्हणायची सोय नाही, कारण या गावात नुसतं आजी म्हटलं की ती वरची. देवीचं पोथीतलं नाव बिशिया युआनजुन, म्हणजे पहाटेच्या निळ्या-लालसर ढगांची आदिस्वामिनी. पण ते नाव पुजाऱ्यांच्या तोंडी. बाया म्हणतात ताइशान नाइनाइ, ताइशानची आजी. म्हणून म्हातारीला तुम्ही काकू म्हणता. ती अर्ध्या क्षणासाठी साठीची होते.

काकूला पणतू हवाय. नातसुनेच्या लग्नाला सहा वर्षं झाली.

डोंगराच्या आधी दाई देऊळ लागतं, भर गावात, राजवाड्याएवढं. मालक पूर्वशिखराचा देव. सूर्य उगवतो तिकडून जीव येतात, आणि मेल्यावर आत्मे याच डोंगराच्या पायथ्याशी हजेरीला जातात, अशी समजूत. जन्ममृत्यूच्या वह्या त्याच्याकडे. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत कुस्त्या चालल्यात, कोंबड्यांच्या झुंजी, एका कोपऱ्यात कथेकरी, दुसऱ्यात चेंडू लाथाडणारी पोरं. आत जुने सुरू आहेत, खोडं पिळून टाकलेल्या धोतरासारखी. हान वू बादशहानं लावले म्हणतात, म्हणजे आजच त्यांचं वय सतराशेच्या वर. देवाला सोंगवंशानं बादशहाची पदवी दिली होती. मिंग घराण्याच्या संस्थापकानं 1370 मध्ये ती काढून घेतली. डोंगराला माणसानं काय पदव्या द्यायच्या, असा त्याचा मुद्दा, आणि तो शिळेवर कोरून इथंच उभा केलाय. काकू घाईघाईनं हात जोडते आणि बाहेर पडते. मरणाच्या कारकुनाशी इतक्यात ओळख वाढवायची नाही, म्हणते.

वेशीबाहेर पाऊल टाकलंत की विक्रेत्यांची धाड येते. इथं माळा विकतात पैशांच्या. पैसे खरे नाहीत. कथलाच्या पातळ चकत्या, प्रत्येकीवर चार अक्षरं ठसवलेली. वाटेत भिकाऱ्यांना टाकायला म्हणून. चकती अंगठ्याखाली वाकते इतकी नाजूक. काकू ती अक्षरं बोटानं चाचपते आणि वाचता येत नसताना वाचते: आ-मि-थुओ-फो. तुमच्या कानात ते नाव उलगडायला एक क्षण जातो. अमिताभ. अमिताभ बुद्ध. ताओपंथी देवीच्या डोंगरावर बौद्धांच्या नावाची नाणी, आणि दोनशे पावलांवर पहिल्याच चढाला दगडी कमान, 1560ची, तिच्यावर लिहिलंय की कन्फ्यूशियस इथूनच वर चढला. तिघांचं एकमेकांत काही वाकडं नाही. भांडणं असतील ती विद्वानांत.

डोल्या घासाघीस करताहेत. डोली म्हणजे खुर्चीच, दोन दांडे आणि रुंद कातडी पट्टे, जे भोई मानेवरून खांद्यांवर घेतात. जिना अरुंद असला की भोई आडवे होतात आणि खेकड्यासारखे तिरके चढतात, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड दरीकडे. तुमच्या पुढून एक अशी डोली जाते. आत तिशीतला एक रेशमी माणूस, दक्षिणेच्या शाओशिंगचा. नाव झांग दाई. श्रीमंत घराणं, नाटकांचा नाद, चहाचा नाद, कंदिलांचा नाद. मिंग बुडाल्यावर याचं सगळं जाईल, आणि डोंगरात लपून, फाटक्या कपड्यांत, तो आपल्या हरवलेल्या आयुष्याची आठवण लिहील. तबेले, नाटकवाले, डोंगरपट्टी, कथलाची नाणी, हे तुम्हा-आम्हाला कळतं त्यातलं बरंच त्याच्यामुळे. रोज आठ-नऊ हजार माणूस चढतं, वसंताच्या सुरुवातीला वीस हजारांपर्यंत, हा आकडाही त्याचाच. आत्ता मात्र तो नाक मुरडून बसलाय. भिकारी त्याला आवडत नाहीत.

भिकारी खरंच खूप आहेत, आणि चढावं तसे वाढतात. कुणी पोराला चिमटा काढून रडवतो, कुणी पायरीवर आडवाच पडलाय. काकू चकत्या टाकत जाते, प्रत्येकाला एक, नेमानं.

निम्म्या चढाच्या आधी वाट सोडून ओढ्याकडे उतरा. जथा पाणी प्यायला थांबलाय, तेवढा वेळ आहे. ओढ्याचा तळ म्हणजे एक अखंड उतरता खडक, राखाडी, आणि त्यावर अक्षरं. एकेक अक्षर जवळजवळ हातभर, अर्ध्या मीटरचं. हजाराच्या आसपास आज वाचता येतील इतकी आहेत, बाकीची पाण्यानं नेली. उत्तर छी घराण्याच्या काळात, म्हणजे सहाव्या शतकात कोरलेली. गुडघे टेकून एका अक्षराच्या खोबणीत बोट घाला. तळ गुळगुळीत, कडा अजून करकरीत, आणि आत कालच्या पावसाचं थेंबभर पाणी. ग्रंथ आहे वज्रच्छेदिका. मूळ संस्कृत, चिनी केली कुमारजीवानं, ज्याचा बाप भारतातून निघून मध्य आशियात स्थिरावला होता. तुमच्या घरापासून इतक्या दूर, इतक्या मागच्या सालात, पायाखाली एक ओळखीची गोष्ट सापडली म्हणून तुम्ही उगाच सुखावता. काकू वरून हाक मारते. पोरा, दगड काय बघतोस, चल.

घोडे परत फिरतात ती खिंड येते. तिचं नावच घोडेफिरीची खिंड. तांग घराण्याचा बादशहा इथं घोड्यावरून उतरला असं सांगतात, पण कुठल्याही बादशहानं उतरावं असाच चढ आहे. मग एकदम सपाटी. हिचं नाव मौजेचं आहे: सुखाचे तीन ली. दीड किलोमीटर पाय आपोआप पडतात, पाइनच्या राळेचा वास येतो, आणि बाया गाणं म्हणतात.

या सपाटीनंतर एका कडेला पाइन आहेत ज्यांना सरकारी हुद्दा आहे. थट्टा नाही. इसवीसनपूर्व 219 मध्ये पहिला सम्राट छिन शी हुआंग इथं आला. सगळा चीन एक केलाय हे आकाशाला कळवणं भाग होतं. त्याचं फंग नावाचं यज्ञकर्म याच डोंगराच्या माथ्यावर व्हायचं. विधी कसा करायचा म्हणून त्यानं सत्तर विद्वान गोळा केले. विद्वान म्हणाले, गाडीच्या चाकांना लव्हाळं गुंडाळा, म्हणजे डोंगराच्या मातीला, गवताला, दगडाला इजा होणार नाही. सम्राटानं ऐकून घेतलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मग स्वतःच्या पद्धतीनं चढला, आणि उतरताना सडकून पावसात सापडला. एका झाडाखाली उभा राहिला. झाडाला त्यानं दरबारी पद दिलं. घरी पाठवलेले विद्वान हसले म्हणे. ते झाड पुढे गेलं, नंतरची लावलेली आहेत, पदवी मात्र परंपरेनं चालू.

या डोंगराचा इतिहास मुळात असा, बादशहांचा. माथ्यावर तो आणि आकाश, मध्ये कुणी नको. इसवीसनपूर्व 110 मध्ये हान वू वर गेला तेव्हा सोबत एका मेलेल्या सेनापतीचा छोटा पोरगा तेवढा नेला. वर काय झालं ते कुणाला कळलं नाही, आणि तो पोरगाही लवकरच वारला. दरबारचा इतिहासकार सिमा तान याला या यात्रेला नेलंच नाही. तो त्या दुःखानं अंथरुणाला खिळला आणि गेला. मरताना त्यानं मुलाकडून अपुरा इतिहास पुरा करायचं वचन घेतलं. तो मुलगा सिमा छियान, चिनी इतिहासलेखनाचा जनक. एका आमंत्रणाच्या न मिळण्यातून केवढं काय झालं.

तांग शुआनजोंग 725 मध्ये आला तेव्हा त्यानं विचारलं, मागचे बादशहा आपली प्रार्थना गुप्त का ठेवत? कुणीतरी सांगितलं, स्वतःसाठी दीर्घायुष्य मागत असतील, म्हणून. शुआनजोंग म्हणाला, मी लोकांसाठी मागतोय, वाचून दाखवा. त्याच समारंभात त्याच्या मंत्र्यानं आपल्या जावयाला एका झटक्यात नवव्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत नेलं. बादशहानं विचारलं, हा एवढ्यात इतका वर कसा? जावई गप्प. दरबारातला एक विनोदवीर म्हणाला, ही ताइशानची कृपा. तेव्हापासून म्हणे चिनी माणूस सासऱ्याला ताइशान म्हणतो.

शेवटचा झेनजोंग, सोंग घराण्याचा, 1008 साली. हा आधी लढाईनंतरच्या तहात उत्तरेच्या ल्याओ राज्याला वर्षाला एक लाख ताएल चांदी आणि दोन लाख ठाण रेशीम कबूल करून बसला होता. अब्रू झाकायला आकाशातून चिठ्ठ्या पडू लागल्या. त्या कोण टाकतंय ते सगळ्यांना माहीत. चिठ्ठ्यांच्या आज्ञेवरून बादशहा ताइशानवर आला. इतका गाजावाजा झाला की त्यानंतर कुठल्याही सम्राटाला फंग करायची लाज वाटली असावी. कुणी केलंच नाही. शुआनजोंग आणि झेनजोंग यांनी पायथ्याला पुरलेली दगडाची प्रार्थनापत्रं 1931 मध्ये सैनिकांच्या हाती लागणार आहेत आणि पुढे तैपेईच्या संग्रहालयात काचेखाली जाणार आहेत. पृथ्वीदेवतेला लिहिलेलं पत्र तिकीट काढून वाचता येईल.

पण याच झेनजोंगाच्या खेपेला माथ्यावरच्या एका कुंडात बाईची दगडी मूर्ती सापडली. त्यानं तिच्या जागी नवी, मौल्यवान दगडाची बसवली. बादशहा गेले, बाई राहिली. तिच्यामागून बायांची रांग लागली, ती आज तुमच्यापुढे आणि मागे आहे.

आता अठरा वळणं.

खालून पाहाल तर हे वळण वगैरे काही नाही. दोन कड्यांच्या मधोमध उभी शिडी टांगलीय आणि शिडीच्या टोकाला काडेपेटीएवढं लाल दार. सोळाशेवर पायऱ्या, चारशे मीटर चढ, आणि हे सगळं एका किलोमीटरच्या आत. पायरी इतकी अरुंद की पुरुषाचं पाऊल अर्धं बाहेर राहतं. काकूचं पाऊल बरोबर मावतं. चार बोटांचं आहे ते. सहाव्या वर्षी बांधलेलं, बोटं तळव्याखाली दुमडलेली. ती टाचेवर चढते. टाच ठेवते, काठी पुढच्या पायरीला टेकवते, कंबर ओढते, थांबते. जोड्याच्या टोकावर तिनं स्वतः भरलेलं कमळ आहे आणि त्यावर चिखल. तुम्ही हात पुढे करता. ती घेत नाही. चालत जायचा नवस आहे, हात धरून जायचा नाही.

तुम्ही मोजायला लागता आणि दोनशेनंतर सोडून देता. मांड्या थरथरतात. चेहऱ्यासमोर वरच्या माणसाच्या टाचा, त्यांच्यावर आणखी टाचा. हा दगड अडीच अब्ज वर्षांचा. तळहाताला तो खरखरीत आणि गार लागतो. झुडपांच्या फांद्यांच्या बेचक्यांत लोकांनी खडे ठेवलेत, मूल मागून. एका फांदीवर इतके की ती वाकलीय. काकूही एक खडा ठेवते, पडतो, पुन्हा ठेवते. खालून धुकं वर येतं आणि बघता बघता आधी दरी जाते, मग तुमच्या मागची माणसं, मग तुमचे स्वतःचे पाय.

लाल दार म्हणजे दक्षिण स्वर्गद्वार. 1264 मध्ये एका ताओपंथी साधूनं बांधलं, मंगोलांच्या राज्यात. तुम्ही आत पाऊल टाकता तेव्हा देखावा बघायला वळता, जसं कुणीही वळेल. देखावा नाही. दुधात बुडवलेलं जग. काकूनं मागे वळून पाहिलंही नाही.

माथ्यावर एक सपाट रस्ता जातो, त्याला म्हणतात स्वर्गाची पेठ. उदबत्त्या, मेणबत्त्या, गरम पाणी, सगळ्याची किंमत खालच्यापेक्षा जास्त, कारण सगळं पाठीवर चढवलेलं. वारा असा की शेंडीची गाठ सुटेल. देवीच्या देवळावर म्हणूनच मातीची कौलं टिकत नाहीत. मुख्य गाभाऱ्यावर पितळी-काशाची कौलं, बाजूच्या दालनांवर लोखंडी. अंगणात अख्खं ब्राँझचं ओतलेलं छोटं देऊळ, 1615चं, पंधरा वर्षांत अजून काळवंडलेलं नाही. निळ्या अंगरख्यातला, डोक्यावर गाठीत केस बांधलेला पुजारी घंटेवर दांडका आपटतो आणि कुणाकडे न पाहता पुढचा म्हणतो.

गाभाऱ्यात कुणालाही सोडत नाहीत. लाकडी गज आहेत, कुलूप आहे. गजांतून बघायचं. डोळे सरावायला वेळ लागतो. आत सोन्याचा मुलामा दिलेली एक लहानशी मूर्ती, दोन-तीन फुटांची, गोल चेहरा, मुकुटावर पक्षी. चेहऱ्यावर विशेष काही भाव नाही. ऐकून घेणाऱ्या बाईचा असतो तसा. आणि तिच्या पायाशी, गुडघ्यांशी, कमरेपर्यंत, पैसे. तांब्याचे, चांदीचे तुकडे, चांदीची छोटी बाळं, चांदीचे डोळे. ज्याचं मूल जगलं त्यानं बाळ टाकलंय, ज्याची दृष्टी परतली त्यानं डोळे. हा ढीग ऋतूतून एकदा झाडून काढतात आणि सरकारजमा करतात. तोवर रात्री शिपाई पहारा देतात. देवळाबाहेर भाले टेकून बसलेले ते पेंगुळलेले चौघे त्यासाठीच.

मूर्तीपुढे दोरीनं एक सोन्याचं नाणं टांगलंय. गजांतून पैसा फेकायचा, तो त्या नाण्याला लागला की मागणं पोचलं.

काकू कमरेची गाठ सोडते. आतून दुसरी पुरचुंडी, तिच्यातून तिसरी. चार तांब्याचे पैसे, मध्ये चौकोनी भोक. पहिला गजालाच आपटून परत येतो आणि पायाशी घरंगळतो. कुणीतरी उचलून तिला देतं, इथं ते चोरणारं अजून कुणी जन्माला आलेलं नाही. दुसरा लांब जातो. तिसरा आजीच्या मांडीवर. मागून ढकलाढकली सुरू आहे, वीस हात गजांतून आत गेलेत, सगळे फेकताहेत. चौथा ती हात खाली घेऊन, नांगरटीत बी टाकतात तसा, उडवते. टण्ण. काकू थिजते. तो आवाज तिच्या पैशाचा की शेजारच्या लठ्ठ व्यापाऱ्याच्या, हे देवीलाही सांगता येणार नाही. व्यापारी ओरडतो, लागला! काकू काही बोलत नाही. पुरचुंड्या एकात एक घालते आणि गाठ मारते. तिचं ठरलंय, तिचाच होता.

बाजूच्या दालनात एक तुटकी शिळा आहे, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पहिल्या सम्राटाचा कोरीव लेख. मुळात दोनशेच्या वर अक्षरं होती, आत्ता एकोणतीस आहेत. 1740 मध्ये हे देऊळ जळेल, शिळा हरवेल, 1815 मध्ये कुंडातून तुकडे निघतील, आणि दहा अक्षरं उरतील. नीट पाहून घ्या. एकोणीस तुमच्यानंतर जाणार आहेत.

देवळावरच्या कड्यावर शुआनजोंगाचा जाहीर लेख, 726चा, तेरा मीटर उंच. आजूबाजूला जिथं हात पोचेल तिथं पुढच्यांनी आपलंही लिहिलंय. कुणाचं युगायुगांचा वंदनीय, कुणाचं अढळ कीर्ती, आणि खाली मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव, हुद्दा, तारीख. झांग दाईला भिकाऱ्यांइतकाच या लोकांचा राग आहे. ते डोंगर विकून पैसा करतात, हे नाव करतात, असा त्याचा हिशेब. मी त्याच्या बाजूचा. शेकडो वर्षं बाया इथं चढल्या आणि खडकावर नाव कोरत बसल्या नाहीत. तसं त्यांना लिहायला कुणी शिकवलंही नव्हतं, म्हणून याला फार मोठा गुण म्हणू नये. सर्वोच्च टोकाजवळ सहा मीटरची एक कोरी शिळा उभी आहे. तिच्यावर एकही अक्षर नाही. कुणी म्हणतं पहिल्या सम्राटाची, कुणी म्हणतं हान वूची. काकू तिला टेकून बूट काढते आणि खडा झटकते.

पूर्वेच्या कड्याला भिंत आहे. धुक्यात ती अचानक समोर येते. पलीकडे काय ते दिसत नाही, फक्त वारा खालून वर येतो. याचं नाव देह टाकण्याचा कडा. आई-बाप आजारी पडले, नवसाला गुण आला, की मुलानं स्वतःचा जीव देवीला द्यायचा, अशी रीत पडली होती. गेल्या शतकात एका सुभेदारानं भिंत घालून रस्ता अडवला आणि नाव बदलून देह जपण्याचा कडा केलं. सरकारी नामांतरांतलं हे एक मला पटतं. काकू भिंतीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहते. तिच्या गावातला कुणीतरी. ती नाव घेत नाही, तुम्ही विचारत नाही.

वाटाड्या हात चोळत ओरडतोय: थंडी आहे, सूर्योदय आज नाही, उद्याही नाही, चला, खाली मेजवानी निवतेय. उतरताना काकू डोलीत बसते. नवस चढायचा होता, उतरायचा नव्हता. भोई पट्टे घालतात आणि अठरा वळणांवरून गारांसारखे घरंगळतात. तुम्ही मागे धावता. त्या वेगात सोळाशे पायऱ्या संपतात तरी तोंडातला शब्द संपत नाही.

पायथ्याच्या लाल दरवाज्याशी मुक्कामाचे नोकर सुरई घेऊन हजर. अभिनंदन! परीक्षा मागितलीत? पास. धंदा मागितलात? चालेल. मूल मागितलंत? होणार. यात त्यांच्या कमाईचा भाग किती आणि मनापासूनचा किती, ते सांगणं अवघड. पण काकूला आनंदानं हुंदका येतो, तो तर खरा.

रात्री मेजवान्या तीन प्रतींच्या. पहिल्या प्रतीत एकेकाला वेगळं टेबल, दहा पदार्थ, साखरेत मुरवलेली फळं, आणि नाटक. दुसरीत टेबलावर दोघं, नाटक आहेच. तुमची तिसरी. टेबलाला चौघं, नाटक नाही, एक पोरगी वीणेसारखं काही वाजवून गाते. पातीचा कांदा आला, डुकराचं मांस आलं. भिंतीपलीकडे श्रीमंतांच्या अंगणात झांजा वाजतात, आणि काकू वाटीत मान घालून झोपते, काड्या हातातच.

सकाळी उजेड स्वच्छ आहे. एक ढग नाही. गावाच्या कौलांवर ताइशान उभा, घड्या घातल्यासारखा, माथ्याशी ते काडेपेटीएवढं दार स्पष्ट लाल. अंगणात नवा जथा येऊन पडलाय, त्यांच्या घोंगड्यांना रस्त्याची धूळ. आणि मालकाशी कुणाचा तरी वाद चाललाय. तो शाओशिंगचा झांग दाई. काल धुक्यात काही दिसलं नाही म्हणून त्याला पुन्हा वर जायचंय. मालक कपाळावर हात मारतोय. अभिनंदन झाल्यावर पुन्हा चढत नसतात, आजपर्यंत कुणी चढलं नाही, आजी रागावेल. झांग दाई ऐकत नाही. बाहेरून डोली ठरवतो आणि निघतो. बाया, पोरं, भिकारी बोट दाखवतात, कालचाच आहे, परत चाललाय.

काकू गाढवावर बसता बसता तुमच्याकडे वळते.

"काय मागायचं राहिलं होतं त्याचं?"

काही मागायला नाही चाललाय, तुम्ही सांगता. डोंगर बघायला चाललाय.

"बघायला?" म्हणते, आणि गाढव चालायला लागतं.